खोट्या मरणाचं काम

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, मरायचं. दिवसभर मरायचं. विचारणारी बाई आधी हसते, मग "काय बाई तुझं बोलणं" म्हणून तोंड फिरवते. पण खोटं काय आहे त्यात? पुण्यातली एक कंपनी मोबाईलवरचे लढाईचे खेळ बनवते, आणि ते लोकांच्या हातात पडायच्या आधी आमच्यासारखी माणसं घरी बसून तपासतात. कुणी बंदुकांचे आवाज तपासतं, कुणी गाड्या. माझ्या वाट्याला मरण आलं. खेळातला शिपाई गोळी लागल्यावर नीट पडतो का, भिंतीत अडकतो का, उतारावर घरंगळायच्या ऐवजी हवेतच लटकून राहतो का, हे बघायचं म्हणजे त्याला जागोजागी उभा करून मारायला लागतं. भोरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवलं ते ह्याच्यासाठी का, असं म्हणून माझ्या वडिलांनी कपाळाला हात लावला होता.

लग्न झालं आणि हे काम घेऊनच मी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीत आले. नवरा फौजी. सासूसमोर मी त्याला 'हे' म्हणते, तुमच्यासमोर कशाला नाटकं, अमृतच म्हणते. नवरा फौजी आणि बायको दिवसभर फौजी मारणारी, जोडा कसा शोभतो बघा, असं तो पाहुण्यांना हसून सांगायचा. आख्ख्या घरात रेंज एकाच जागी, पडवीतल्या खिडकीशी, आणि तीसुद्धा माझ्या जुन्या मोबाईलला पकडायची नाही. म्हणून कंपनीनं तपासायला दिलेल्या मोबाईलमध्येच मी माझं सिम घातलं. खेळ त्यातच आणि फोनही त्यातच.

मे महिन्यात अमृत सुट्टीवर आला. अंगणातल्या आंब्यावर कावळीनं घरटं केलं होतं. हा गंजीफ्रॉकवर दाढी करत झाडाखाली उभा होता, तेवढ्यात ती कावळी सटकन खाली आली आणि ह्याच्या डोक्यावर पंजा मारून गेली. पिल्लं असली की मारतेच, त्यात काय एवढं? पण माझी सासू फुलाबाई, मी तिला आत्याबाई म्हणते, तिच्या हातातून तांब्या निसटला. कावळा शिवला म्हणजे मरणाचं बोलावणं आलं, असं आमच्याकडं धरतात. त्याला उतारा एकच. ज्याला शिवला तो गेला, अशी खोटी बातमी लांबच्या नातेवाईकाला धाडायची. त्यानं ती खरी धरून ऊर बडवून रडायचं. रडून झालं की खरं काय ते सांगायचं. मरण त्या रडण्यावर भागतं आणि माणूस सुटतो.

अमृतच्या मावशीला, बाळाबाईला, निरोप धाडायचा म्हणून आत्याबाई हटून बसल्या. अमृत भडकला. फौजी गेल्याची बातमी एकदा मोबाईलवर पडली की संध्याकाळपर्यंत वेल्ह्याच्या चौकात श्रद्धांजलीचा बोर्ड लागेल आणि माझ्यावर वरून चौकशी बसेल ती निराळीच, असं त्यानं ठणकावून सांगितलं. असले उतारे पोस्टकार्डाच्या काळात चालायचे, आता नाही. उतारा राहिला. आठवडा गेला नसेल, सरहद्दीवर तोंड लागलं. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. त्याच्यासाठी करायला घेतलेले लाडू परातीतच राहिले, आणि तो निघूनसुद्धा गेला. वर पोचल्यावर त्याचा एक फोन आला, आता फोन होणार नाही, काळजी करू नका म्हणाला. त्यानंतर त्याचा मोबाईल बंद तो बंदच.

जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आत्याबाई तर जेवताना घास हातात धरून बसायच्या. कावळा, कावळा, दुसरं तोंडात नाही. मामंजी शेळ्या घेऊन सकाळीच डोंगराला लागायचे ते अंधार पडताना यायचे, त्यांना घरात बसवत नव्हतं.

आणि अशात कंपनीला काय अवदसा आठवावी? चालू लढाईच खेळात घालायची. आमच्या टीमच्या साहेबानं आनंदानं फोन करून सांगितलं की बातम्यांत दाखवतात तसली हुबेहूब चौकी करतोय, महिन्याभरात सोडायची. माझ्या अंगाची आग झाली. आजवर कधी त्याला उलटून बोलले नव्हते, पण त्या दिवशी बोलले.

"सर, लढाई संपू द्या की. मग करा ना."

"संपल्यावर कोण खेळणार, कोमल? लोकांना आजचं पाहिजे."

माझा नवरा तिथं आहे, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला की मग तर तुझ्या घरच्यांना अभिमान वाटेल. ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसरं काय. नोकरी सोडायचं मनात आणतच मी ती चौकी मोबाईलवर घेतली.

चौकी म्हणजे रचलेल्या दगडांची छातीएवढी भिंत, मागं पत्र्याची खोली, पाण्याचा एक ड्रम आणि सगळीकडं बर्फ. ज्यांनी सिंहगडावरची थंडी सोडून दुसरी थंडी बघितली नाही, अशा पोरांनी ते चितारलं होतं. शिपाई तिथं एकटा. खालून शत्रूच्या टोळ्या येत राहतात, आणि कुमक आली की तो जिंकला, असं ठरलं होतं. पण कुमक अजून कुणी बनवलीच नव्हती. खरी लढाईच संपली नाही तर शेवट काय दाखवायचा, ते पुढं बातम्या बघून ठरवू, असं वरून आलं होतं. त्यामुळं त्या खेळाला शेवट नव्हता आणि मध्ये थांबायची सोयही नव्हती. शिपाई पडेपर्यंत चालू राहायचा.

शिपायाच्या डोक्यावर नाव दिसतं. मराठी अक्षरं नीट उमटतात का ते बघायला, लग्न झाल्यावर लाडात येऊन मी 'अमृत' टाकून ठेवलं होतं. नव्या चौकीतही तेच नाव आपोआप आलं. बर्फात एकटा उभा असलेला तो शिपाई आणि डोक्यावर ते नाव मला बघवेना. नाव पुसायला जातेय, तोच मागून आवाज आला. आत्याबाई चौथी शिकलेल्या, अक्षर अक्षर लावत वाचतात.

"ह्ये अमृत लिवलंय नव्हं?"

मला वाटलं, आता हा मोबाईल चुलीत जाणार. मी घाईघाईनं सांगत सुटले की हे खोटं आहे, नुसतं नाव आहे, पुसतेच आहे. त्या खाली बसल्या. हा काय करतो, असं त्यांनी विचारलं. मी म्हणलं, शेवटी मरतो. खोटा मरतो का, असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं. आम्ही बोलत होतो तोवर टोळी वर आली होती, आणि अमृत नावाचा शिपाई भिंतीवर पालथा पडला.

आत्याबाई अशा रडल्या की शेजारच्या घरातली माणसं दारात आली. ऊर बडवून, नाव घेऊन, लहानपणीच्या त्याच्या खोड्या सांगत रडल्या. मी घाबरून त्यांचे हात धरले. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडं बघितलं आणि खोटं असल्याचं मोठ्यानं सांगायला लावलं. मी सांगितलं, खोटं आहे आत्याबाई, अमृत जिवंत आहे. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. मे महिन्यापासून पहिल्यांदा आत्याबाई त्या दिवशी पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. आधी मला बरंच वाटलं, म्हातारीचं मन हलकं होतंय तर होऊ दे. पण मग त्याचा नेमच झाला. सकाळी देवाला दिवा लावला की माझ्या शेजारी पाट घेऊन बसायच्या. मी मारायचं, त्यांनी रडायचं, मी खोटं म्हणायचं. चहा नंतर. आणि दिवसातून एकदा होऊन भागेना. दुपारी भाकरी खाता खाता त्यांना वाटायचं की तिकडं आत्ताच काहीतरी होतंय, की परत बस म्हणायच्या. एकदा त्यांचं रडणं संपायच्या आधीच मी वैतागून खोटं आहे म्हणाले, तर चिडल्या. तूबी रड की, तुझा कोन न्हाई का त्यो, असं म्हणाल्या. मग मीही रडायला लागले, आणि खरं सांगायचं तर एकदा सुरू झालं की ते खोटं रडणं राहायचं नाही.

भर लावणीत आख्खी वाडी चिखलात वाकलेली आणि आमच्या घरची सून खिडकीशी मोबाईल खेळत बसलेली. बायका काय बोलत असतील ते बोलत असतील. मी एक दिवस खाचरात जाते म्हणलं तर आत्याबाई मला जाऊ देईनात, माझ्या वाटची लावणी त्यांनीच केली. नागपंचमीला माहेरी भाटघरला जायची पिशवी भरली होती. एसटी गाठायला उंबऱ्याबाहेर पाय टाकला, आणि त्यांनी माझं मनगट धरलं. मी म्हणलं, आत्याबाई, दोन दिवसांनी येते की परत. ही नोकरीच मला आता नको झालीय, सोडून देते. माणसानं किती वेळा आपल्याच नवऱ्याला मारायचं? त्यांनी मला ओरडायला पाहिजे होतं, मी भांडायला तयार होते. पण त्या अगदी हळू बोलल्या.

"तू थांबलीस आन् तिकडं काय झालं, तर म्या तुला काय म्हनू?"

मी पिशवी खाली ठेवली. मी शिकलेली, मला माहिती आहे की पुण्यातल्या पोरांनी रंगवलेल्या बाहुल्याचा आणि माझ्या नवऱ्याचा काही संबंध नाही. तरी एके दिवशी पावसानं रेंज गेली आणि दिवसभर खेळ उघडला नाही, तर मलाच भाकरी गिळवेना. आत्याबाईंनी मला पकडलं होतं की मीच मला, ते मला आजही सांगता येत नाही.

श्रावण संपता संपता साहेबाचा फोन आला. काही लोक चिडले होते. लढाई चालू असताना असले खेळ काढूच नयेत, असं कुणी म्हणत होतं. आपला जवान मेलेला दाखवता कसा, असंही कुणी म्हणत होतं. कंपनीनं त्यातलं दुसरं ऐकलं. पुढच्या आवृत्तीत शिपायाला गोळी लागली तरी तो मरणार नाही, जरा वाकेल आणि परत उठेल. म्हणजे तुझं मरायचं काम संपलं, तुला दुसरं काहीतरी देऊ, असं तो म्हणाला. मी उड्या मारायच्याच बाकी ठेवल्या. पडवीतनं पळत जाऊन आत्याबाईंना सांगितलं की आता तो मरतच नाही, सुटलो आपण. त्यांच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. हा मरत नाही तर त्याचं मरण जाईल कुठं, असं त्या विचारत राहिल्या. मग मी नवी आवृत्ती घेतलीच नाही. जुनीच ठेवली आणि कंपनीला सांगितलं की ह्या डोंगरात एवढं उतरवायला रेंज नाही. कंपनीला आता ते मरण नको होतं. आम्हाला पाहिजे होतं, म्हणून मी ते तसंच चालू ठेवलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पालीचा समर्थ गेला.

समर्थ म्हणजे राजगडाच्या पायथ्याच्या कोंडाबाईचा एकुलता एक. अमृतच्याच पलटणीत होता. आमच्या लग्नात नवरदेवाची जीप त्यानंच चालवली होती, आणि जिलेबी वाढणाऱ्याला पंगतीतनं पुढं जाऊ देत नव्हता. तालुका लोटला पालीला. दुकानं बंद, पोरं मोटारसायकलींवर झेंडे लावून नसरापूरपासून गाडीच्या मागं. पेटीबरोबर आलेल्या जवानांना मामंजींनी अमृतचं विचारलं. ते दुसऱ्या ठिकाणचे होते, त्यांना काहीच माहिती नव्हतं. एवढंच म्हणाले की दोघांची चौकी एकच असणार.

पालीहून आम्ही टेम्पोतनं परत आलो. घरी आल्यावर आत्याबाईंनी आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच माझ्यासमोर बसल्या.

"आपून हितनं ढकललं आन् ते तिच्या घरात गेलं," त्या म्हणाल्या.

असं काही नसतं, असं मी त्यांना किती परींनी सांगितलं. गोळीला काय कळतं हितं कोण रडतंय? त्यांनी मान हलवली, ऐकून घेतलं, आणि सकाळी पाट घेऊन परत माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला त्यांचा संताप आला. तुम्हाला ढकलल्याचं दुःख होतंय आणि परत ढकलायला सांगताय, असं मी बोलून गेले. त्या म्हणाल्या, दुःख होतंयच, पण माझा अजून तिथं हाय. त्या दिवशी रडताना त्यांचा आवाज निघत नव्हता.

समर्थचं तेरावं झालं. त्यानंतर एका दुपारी कोंडामावशी आमच्या अंगणात उभ्या राहिल्या. एकट्याच एसटीनं वेल्ह्याला येऊन वर चालत आल्या होत्या, साडीचा काठ चिखलानं भरलेला. आत्याबाई त्यांना बघून भिंतीला टेकल्या. मला वाटलं, ह्यांच्या कानावर काही गेलं असणार, आता शिव्याशाप देणार. वाडीला काय कमी तोंडं आहेत का? पण त्यांनी पाणी प्यायलं आणि माझ्याजवळ खिडकीशी येऊन बसल्या. वेल्ह्याच्या बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तिकडची चौकी फुलाबाईच्या सुनेच्या मोबाईलमध्ये आहे.

"माझा कुठं हुभा ऱ्हायचा, तेवढं मला दाव," त्या म्हणाल्या.

मी त्यांचा हात हातात घेऊन समजावलं. मावशी, हे खरं नाही. पुण्याच्या पोरांनी टीव्ही बघून मनानं काढलंय, ते कधी तिकडं गेलेसुद्धा नाहीत. समर्थभावजी होते ती जागा अशी असेल कशावरून?

"असू दे. मला तर तेवढंबी कुनी दावलं न्हाई."

पलटणीचे साहेब आले, मंत्री आले, हार आले, पण तो कुठं होता ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, सांगायचं नसतंच ते. मी खेळ उघडला. डोक्यावर अमृतचं नाव होतं. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, त्यांच्या समोर मी ते नाव पुसलं आणि समर्थ लिहिलं. कोंडामावशींना वाचता येत नाही, मी त्यांना बोट ठेवून सांगितलं. आत्याबाईंनी अक्षर अक्षर लावत वाचलं.

मावशी बघत राहिल्या. हे धुकं आहे का बर्फ, विचारलं. पत्र्याच्या खोलीत चूल असती का, विचारलं. पाणी गोठत असंल मग ड्रम कशाला, असंही म्हणाल्या, आणि मला पहिल्यांदा कळलं की तो ड्रम चुकीचा आहे. मग त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. बोट टेकवलं की शिपाई तिकडं वळतो, तसा तो वळला, तोंड आमच्याकडं करून. मावशींनी बोट झटकन काढून पदरात लपवलं. त्या हसल्या की रडल्या ते मला सांगता येणार नाही, मी तिकडं बघितलं नाही. खालून पहिली टोळी निघाली होती.

ते कोण येतायत, असं त्यांनी विचारलं आणि त्यांचं त्यांनाच कळलं.

"मारू नगंस गं त्याला," त्या म्हणाल्या. "हितं तरी नगं."

आता बघा, आयुष्यात मी एवढी मेलेय त्या चौकीवर, भिंतीच्या कोणत्या दगडाशी कसं पडायचं ते मला डोळे मिटून येतं. पण जगायचं कसं ते मला येतच नव्हतं. ते माझं कामच नव्हतं. बंदूक फिरवायची कशी, ओणवं कधी व्हायचं, गोळ्या कुठं ठेवलेल्या असतात, सगळं मी त्या घडीला शिकत होते. पहिली टोळी कशीबशी परतवली. दुसरी टोळी थेट भिंतीपर्यंत आली. समर्थला दोन गोळ्या लागल्या, कडेनं पडदा लाल झाला आणि मावशींच्या नखांनी माझं कोपर धरलं. मी त्याला ओढत पत्र्याच्या खोलीमागं नेलं. तो वाचला. मावशींनी सोडलेला श्वास माझ्या मानेला लागला.

मोबाईल बंद करून टाकावा, असं मनात येऊन गेलं. पण समर्थ उभा असताना त्याला अंधारात कसा घालू? कुमक येणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. कुणी ती बनवलीच नव्हती. आणि उंबऱ्यात आत्याबाई उभ्या होत्या, सकाळी रेंज नव्हती म्हणून ज्यांचं त्या दिवसाचं रडायचं राहिलेलं होतं. आज इथं कुणी मेलं नाही तर तिकडं काय होईल, हेच त्यांच्या मनात असणार, कारण माझ्याही तेच होतं. एका आईला तो पडायला पाहिजे आणि एकीला उभा पाहिजे, आणि दोघींच्या मध्ये माझे दोन अंगठे. इकडं आड, तिकडं विहीर म्हणतात ते हेच.

तिसरी टोळी संपते न संपते तोच मोबाईल हातात थरथरला. खेळाच्या वर पट्टी उतरली. लग्नातला फेटा बांधलेला फोटो, आणि खाली नाव, अमृत.

मे महिन्यापासून मी ज्या एका फोनसाठी श्वास धरून होते, तो आत्ता आला होता. तो उचलला तर खेळ मागं जाणार, आणि मागं गेला तरी टोळ्या थांबणार नव्हत्या. परत उघडेपर्यंत समर्थ त्या दगडांवर पडलेला असणार, त्याच्या आईच्या डोळ्यांपुढं. नाही उचलला तर वरनं परत कधी लागेल देव जाणे. आणि तो अमृतच असेल कशावरून? त्याचा मोबाईल हातात घेऊन दुसरंच कुणी बोलणार असलं तर? अंगठे चालूच होते. मला त्याचा आवाज ऐकायचा होता. मला दुसरं काहीसुद्धा नको होतं.

आत्याबाई उंबऱ्यातून पुढं आल्या. वाकून त्यांनी फोटो बघितला, खालचं नाव वाचलं. त्यांचे ओठ हलले. आता झडप घालून मोबाईल ओढून घेणार, असं मला वाटलं, आणि त्यांनी ओढला असता तर मी देऊन टाकला असता.

"कोन हाय गं?" कोंडामावशींनी विचारलं. त्यांची नजर खालीच होती, समर्थवर.

मी आत्याबाईंकडं बघितलं.

"कंपनीचा फोन हाय," आत्याबाई म्हणाल्या. "तू खेळ, पोरी. त्याला पडू दिऊ नगंस."

मग त्या कोंडामावशींना टेकून खाली बसल्या. फोन वाजत होता तोवर त्यांनी फोटोवरची नजर काढली नाही. थोड्या वेळानं पट्टी आपोआप गेली. समर्थ भिंतीशी उभा होता आणि डाव्या अंगानं नवी टोळी वर येत होती.